बेरजेचा रकाना

खडकवासला धरण आणि नांदेड, किरकटवाडी ही गावं यांच्यात अंतर म्हणाल तर काही किलोमीटरांचं. पुण्याच्या बहुतेक भागाला पाणी जातं ते या गावांच्या शेजारून. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात हातापायांतली ताकद अचानक गेलेले रुग्ण दवाखान्यांत यायला लागले. आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, वर्तमानपत्री भाषेत जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते असा हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. पुणे परिसरात महिन्या-दीड महिन्यात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं, काही दगावले. तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे.

मग सगळ्यांचं लक्ष नांदेड गावातल्या विहिरीकडे गेलं. परिसराला तिथून पाणी जायचं, आणि त्यात शुद्धीकरण म्हणून जे काही होतं ते एवढंच की ब्लीचिंग टाकायचं. गाळणी नाही, जलशुद्धीकरण केंद्र नाही. धरणातलं पाणी या गावांना वळसा घालून पर्वतीला, वारज्याला शुद्ध व्हायला जात होतं आणि धरणाच्या पायथ्याचे लोक विहिरीचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी पीत होते. महापालिकेने पुढे खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं, टँकर भरण्याच्या जागा तपासल्या, क्लोरिनची मात्रा वाढवली. साथ ओसरली.

या साथीचा दोष एखाद्या इमारतीला देता येईल का? नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही बांधकाम प्रकल्पाकडे बोट दाखवून, हा नसता तर लोक आजारी पडले नसते, असं कोणी म्हणू शकणार नाही. कोंबड्यांवरही संशय घेतला गेला होता, हेही नमूद करायला हवं. पण दहा-पंधरा वर्षांत गावठाणाभोवती हजारो सदनिका उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खालून ना पुरेशी जलवाहिनी गेली ना पुरेशी मैलावाहिनी, हे त्या विहिरीच्या काठावर उभं राहिलेल्या कोणालाही दिसत होतं. प्रत्येक इमारतीकडे आपापला कागद होता. सगळ्या इमारती मिळून काय होणार, याचा कागद कोणाकडेच नव्हता.

याच पट्ट्यातून जाणाऱ्या सिंहगड रस्त्यावरच्या रहिवाशांची तक्रार नेमकी हीच आहे. पुण्यात ती बाणेर-बालेवाडीला ऐकू येते, बावधनला, वाघोलीला, आंबेगावलाही ऐकू येते. पण मी हा एकच रस्ता निवडला, कारण त्यावर या गोष्टीचे जवळजवळ सगळे अध्याय काही किलोमीटरांत सापडतात.

दांडेकर पुलापासून निघालेला हा रस्ता एका बाजूला पर्वती-तळजाईच्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला मुठा नदी यांच्या चिंचोळ्या पट्टीतून खडकवासल्याकडे जातो. मधून मुठेचा उजवा कालवाही धावतो. म्हणजे मुळातच जागा कमी. आनंदनगर, माणिकबाग, हिंगणे, वडगाव बुद्रुक, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा. यातल्या प्रत्येक फाट्यावर आतल्या गावांतून येणारी सगळी वाहतूक एकाच मुख्य रस्त्यावर ओतली जाते. गेल्या काही वर्षांत त्यावर उड्डाणपूल झाले, मेट्रोही येऊ घातली आहे. यांतल्या एका उड्डाणपुलाचं एक टोक गोयल गंगा चौकात आहे. एका गृहप्रकल्पाचं नाव चौकाला पडावं यात पुण्यात नवल काही नाही, पण या प्रकल्पाची आणखीही एक ओळख आहे. देशभरातल्या पर्यावरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना वडगाव बुद्रुक ठाऊक असतं ते त्याच्यामुळे.

गोयल गंगा डेव्हलपर्सला २००८ साली जी पर्यावरण मंजुरी मिळाली त्यात ५५२ सदनिका होत्या, ५० दुकानं आणि ३४ कार्यालयं. जागेवर उभ्या राहिल्या ८०७ सदनिका, आणि दुकानं व कार्यालयं मिळून ११७. एका रहिवाशाने प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेलं, तिथून ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०१८ च्या निकालात न्यायालयाने १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायला सांगितली. शिवाय न्यायाधिकरणाने बजावलेले ५ कोटी वेगळे. अधिकाऱ्यांच्या वर्तनावरही न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

हा निकाल मोठा होता यात शंका नाही. पण तो ज्यावर बोट ठेवतो ते सोपं आहे: मंजुरीत इतकं, बांधलं तितकं, फरक एवढा. एका प्रकल्पाची स्वतःच्याच कागदाशी तुलना. याच रस्त्यावर, मंजुरीत लिहिलं तेवढंच बांधणारे शंभर प्रकल्प असतील तर? नियमाप्रमाणे त्यातल्या एकाचंही काही चुकलेलं नाही. आणि नळाला तरीही पाणी नाही.

*

कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं मात्र नाही. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना देशातल्या सगळ्या मोठ्या बांधकामांना लागू आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्र असेल तर काम सुरू करण्याआधी राज्यस्तरीय प्राधिकरणाची पर्यावरण मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे किंवा ५० हेक्टरांच्या पुढे प्रकल्प गेला की तो नगरवसाहतीच्या वर्गात मोडतो. अर्जासाठी ‘फॉर्म १’ आहे. त्यात जमीन, पाणी, कचरा, धूर, आवाज, अपघात असे एकेक विभाग, आणि शेवटच्या नवव्या विभागात ९.४ क्रमांकाचा प्रश्न. आसपास असलेल्या किंवा होऊ घातलेल्या, तशाच परिणामांच्या प्रकल्पांमुळे सगळे मिळून एकत्रित परिणाम होईल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि पुढे तपशिलासाठी थोडी जागा.

रहिवाशांच्या मनात जे आहे ते तंतोतंत इथे विचारलेलं आहे. अडचण पुढे आहे. उत्तर लिहायचं अर्जदाराने. ‘हो’ लिहिलं तर पुढचे प्रश्न ओढवून घ्यायचे, ‘नाही’ लिहिलं तर पान उलटतं. शेजारच्या तीन सर्व्हे नंबरांवर काय येतंय, त्यांची पाण्याची मागणी किती, याची माहिती जमा करून मांडणं हे बिल्डरच्या सल्लागाराचं काम आहे असं कोणी त्याला बजावत नाही, आणि त्याला त्याचे पैसेही मिळत नाहीत. आपल्या अशिलाचा अर्ज अडकेल असं उत्तर तो स्वतःहून का लिहील? छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे एकेका बैठकीत अर्जांचा ढीग असतो. ती समिती एका अर्जाला अटी घालते: सांडपाणी प्रकल्प, पावसाचं पाणी मुरवणं, सौर दिवे, इतकी झाडं. शेजारच्या अर्जालाही त्याच अटी. दोन अर्ज एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत नाही.

त्यात गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीला, धरणाला, कारखान्याला गावासमोर उभं राहावं लागतं. हजार सदनिकांच्या वसाहतीला नाही. खालच्या वर्गातल्या प्रकल्पांना सविस्तर आघात अहवालही लागत नाही, फॉर्म आणि संकल्पना आराखडा पुरतो. शेजाऱ्याला कळतं ते मंजुरी मिळून गेल्यावर, वर्तमानपत्रातल्या एका छोट्या जाहिरातीतून. विकासकाला ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती कोणत्या पानावर, कोणत्या टाइपात असावी हे मात्र कोणी सांगितलेलं नाही. वधू-वर आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी डोळे बारीक करून वाचावी लागेल अशी ती असते.

आणि हे सगळं २०,००० चौरस मीटरच्या वरच्यांसाठी. धायरी, नऱ्हे, आंबेगाव इथे फिरून पाहा. अर्ध्या-एक गुंठ्यावर उभ्या राहिलेल्या पाच-सहा मजली इमारती ओळीने दिसतात. दोन इमारतींच्या बाल्कन्यांतून हात मिळवता येईल इतकं अंतर. यांतल्या कित्येकांकडे साधी बांधकाम परवानगी नाही, पर्यावरण मंजुरीची गोष्टच सोडा. कायद्याच्या हिशेबात या इमारतींचं सांडपाणी शून्य आहे. नाल्याच्या हिशेबात तसं नाही.

उंबरठे ठरवले की त्यांच्या आत कसं बसायचं याचीही एक कला विकसित होते. प्रकल्प १९,००० चौरस मीटरांचा ठेवायचा, शेजारचा तुकडा भावाच्या कंपनीच्या नावावर. झाडांचंही तेच. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाच वर्षांहून जुनी दोनशे किंवा जास्त झाडं तोडायची असतील तर प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जाऊ लागला. दोनशेच्या आत असेल तर स्थानिक पातळीवर. एका रस्त्यावरच्या पाच भूखंडांवर प्रत्येकी दीडशे झाडं असली तर ती साडेसातशे होतात हे गणित तिसरीतल्या मुलाला येईल. प्रस्ताव पाच असल्यामुळे ते कोणाच्याच टेबलावर येत नाही.

*

आता पाणी. एक साधा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण निकष अर्जांत वापरतात तेच. ३०० सदनिकांचा प्रकल्प, घरटी पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर. झाले २ लाख २ हजार ५०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचे रोजचे वीस फेरे. त्यातलं ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडणार, म्हणजे १ लाख ६२ हजार लिटर. एकट्या प्रकल्पाचा हा आकडा शहराच्या मानाने नगण्य, म्हणून समिती पुढे जाते. असे चाळीस प्रकल्प एका रस्त्याच्या पाच किलोमीटरांत आले की दिवसाला ८१ लाख लिटर पाणी लागतं, आणि नळ आला नाही तर आठशे टँकर त्याच रस्त्यावरून जातात. सकाळी कचेरीला निघालेल्या माणसाला समोर टँकर दिसतो तेव्हा वाहतूक आणि पाणी हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

टँकरच्या या अर्थव्यवस्थेला कागदावर एक आधार आहे. त्याचं नाव हमीपत्र. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांत, आणि त्याआधी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत, पाणीपुरवठा नसतानाही परवानग्या कशा मिळाल्या? विकासकाने लिहून दिलं की सार्वजनिक पाणीपुरवठा येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ही हमी किती वर्षांची, माणशी किती लिटरची, आणि सोसायटी स्थापन होऊन इमारत हस्तांतरित झाल्यावर ती कोणाच्या मानेवर, हे सदनिका घेणाऱ्याला बहुधा करारनाम्याच्या चाळीसाव्या पानावर कळतं. किंवा कळतच नाही. ताबा मिळाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सोसायटीची सभा भरते आणि देखभाल खर्चात टँकरची ओळ सर्वांत वर येते. महापालिकेकडे गेलं की हमीपत्र दाखवतात. विकासकाकडे गेलं की तो मिळकतकराची पावती दाखवतो, कर भरता ना, मग महापालिकेला विचारा.

टँकर पाणी आणतो तरी कुठून? विहिरी आणि बोअर. पुण्याच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालात शहर वर्षाला सुमारे ४ टीएमसी (अब्ज घनफूट) भूजल उपसतं असा अंदाज मांडला होता. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून साठा २९ टीएमसीच्या आसपास, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. हे पाणी ज्या उतारांवर मुरतं तिथेच पोडियम, बेसमेंट आणि काँक्रीटचे अंतर्गत रस्ते होतात. बावधनच्या बाजूला तर जमिनीतल्या झऱ्यांवरच बांधकामांची संक्रांत आहे. एका इमारतीचं दोन मजली तळघर खोदताना फुटलेला झरा पंपाने उपसून नाल्यात सोडतात. महिनोन्महिने. शेजारच्या सोसायटीच्या बोअरला पाणी का आटलं, याचा शोध त्या वेळी ती सोसायटी दोनशे फूट आणखी खाली जाऊन घेत असते.

सांडपाण्याची गोष्ट याहून वाईट आहे, कारण ते दिसत नाही. मोठ्या प्रकल्पांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, सक्तीचा असतो. तो बांधलेला असतोही. हस्तांतरणानंतर त्याचं वीजबिल, ब्लोअर, माणूस, रसायनं हा खर्च सोसायटीवर येतो. आधीच टँकरने मोडलेल्या सोसायट्या एसटीपी रात्री बंद ठेवतात, मग दिवसाही. बायपासचा व्हॉल्व्ह असतोच. कागदावर प्रक्रिया झालेलं पाणी प्रत्यक्षात ओढ्यात, ओढ्यातून मुठेत. शहराच्या पातळीवर ११ नवे मैलापाणी प्रकल्प बांधून रोजची ३९ कोटी ६० लाख लिटरची क्षमता वाढवायची योजना जपानी कर्जावर २०१५-१६ सालातच मंजूर झाली, ९९० कोटींची. तिचं प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायलाच वर्षं गेली. इमारती तेवढ्या थांबल्या नव्हत्या. उलट डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली आणि पाठोपाठ २०२१ सालापुरती जादा बांधकामासाठी भरायच्या अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली. जो तो परवानग्या घ्यायला धावला. करोनाने गारठलेल्या बांधकाम व्यवसायाला ऊब द्यायला हवी होती, हे कारण खोटं नव्हतं. पण जादा चटईक्षेत्र विकताना त्या चटईवर राहणाऱ्यांचं मैलापाणी कुठे जाईल याचा उल्लेख त्या हिशेबात नव्हता.

ते जातं उजनीला. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी जलाशयात. दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या काठावरच्या गावांना पुण्यातल्या एकत्रित परिणामाबद्दल समजावून सांगायची गरज नाही; हिरवट पाणी त्यांच्या दारात आहे. दुसरीकडे खडकवासल्याच्या कालव्यावर अवलंबून असलेला हवेली, दौंड, इंदापूरचा शेतकरी दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीकडे डोळे लावून बसतो, शहराने जास्त उचललेलं पाणी त्याच्या आवर्तनातून कापलं जातं म्हणून. वरून पाणी कमी आणि खालून घाण जास्त. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीची सभा आणि इंदापूरच्या पाणीवापर संस्थेची सभा यांचा विषय एकच आहे, दोघींना एकमेकींची खबर नाही इतकंच.

*

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीत मुठेचं पाणी शिरलं. घाटमाथ्यावर आणि शहरातही अतिवृष्टी, खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग. तळमजले बुडाले, वाहनतळातल्या गाड्या तरंगल्या, लष्कराला पाचारण करावं लागलं, लोकांना बोटींतून बाहेर काढलं. रहिवाशांचा राग विसर्गाची सूचना वेळेवर न मिळाल्याबद्दल होता. जलसंपदा आणि महापालिका यांच्यात नेहमीचा चेंडू इकडून तिकडे झाला.

पण याहून मोठ्या विसर्गात पूर्वी इतकं पाणी चढत नव्हतं, असं जुने लोक म्हणतात तेव्हा ते केवळ आठवणींत रमलेले नसतात. पूररेषेचे दोन रंग असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. लाल-निळ्याच्या मध्ये अटींवर परवानगी, आणि अट पाळायची पद्धत म्हणजे भराव टाकून जोतं उंच करायचं. एकाने जोतं उंचावलं तर त्याची इमारत सुरक्षित होते आणि नदीच्या अंगात तेवढी जागा कमी होते. दहांनी उंचावलं की अकरावा, जो आधीपासून खाली राहतो, बुडतो. त्यात भर राडारोड्याची. नदीपात्रातून विठ्ठलवाडीकडून वारज्याकडे काढलेल्या रस्त्याच्या भरावाचं प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं होतं आणि २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने पात्रातला भराव काढायला सांगितलं होतं. म्हणजे एकता नगरीच्या पुराच्या अकरा वर्षं आधी नदीच्या रुंदीचा प्रश्न कागदावर आलेला होता.

एकता नगरीच्या पुराआधी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला तेव्हा वीसहून अधिक माणसं गेली. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या काठाने बसलेली टांगेवाला कॉलनीसारखी गरीब वस्ती आणि अरण्येश्वरच्या मध्यमवर्गीय सोसायट्या दोन्ही त्यात सापडल्या. ओढ्याला वळवणारे, त्यावर भिंत बांधणारे, त्याचं पात्र नकाशात बारीक करणारे अनेक, आणि प्रत्येकाने थोडं थोडं केलेलं.

न्यायालयं या बेरजेकडे बघतात, पण कधी? भांडं उतू गेल्यावर. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटला आणि मुंबईवर धूर पसरला. फेब्रुवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लागत नाही तोवर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी नाही. दोन वर्षं ती बंदी होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर सैल केली. २०१७ च्या मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर पाणीटंचाईवरून उच्च न्यायालयाने नवी बांधकामं रोखली. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचा वादही उच्च न्यायालयात गेला. वाघोली आणि इतर उपनगरांतल्या सोसायट्यांच्या संघटनांनी टँकरच्या खर्चाचे ताळेबंद घेऊन तिथेच दाद मागितली आणि विभागीय आयुक्तांची समिती नेमली गेली. या बंद्यांविरुद्ध बांधकाम व्यावसायिक ओरडले आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. ज्याने सगळे नियम पाळले तोही अडकला, ज्याने पैसे भरले ते गिऱ्हाईकही अडकलं. सरसकट बंदी हे औषध नव्हे, औषध वेळेवर न दिल्याचं लक्षण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात या मुळाला हात घातला. तिथल्या जुन्या सेक्टरांतले स्वतंत्र बंगले मजल्यामजल्याने सदनिका करून विकले जात होते. एकेका बंगल्यात तीन कुटुंबं आली तर काय बिघडलं, असा युक्तिवाद. रहिवासी संघटना म्हणाली, एका बंगल्याने नाही बिघडत. न्यायालयाने तो प्रकार रोखलाच, वर केंद्र आणि राज्यांच्या धोरणकर्त्यांना आवाहन केलं की शहरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणावर काय परिणाम होतील त्याचा अभ्यास सक्तीचा करा. इमारतीचा नव्हे, विकासाचा. हे आवाहन होतं, आदेश नव्हता, आणि आवाहनाचं जे होतं ते झालं. अलीकडची चर्चा उलट्या दिशेची आहे: मंजुरी केंद्राने द्यायची की राज्याने, कोणत्या शाळा-कारखान्यांना त्यातून सूट द्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या केंद्राच्या अधिसूचनेतल्या सुटीच्या तरतुदीला कात्री लावली, बाकीची चौकट कायम ठेवली. त्या वादापायी पुणे-पिंपरीतले कित्येक प्रकल्प वर्षभर रखडले होते. ९.४ वर कोणी बोललं नाही.

*

इथे रहिवाशांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो सोसायटीच्या सभांत कोणी मोठ्याने विचारत नाही. २०१४ मध्ये ज्याला सदनिका मिळाली तो २०२४ च्या टॉवरला विरोध करतो. त्याच्या इमारतीखाली कोणाचं तरी शेत होतं. त्याच्या बाल्कनीतून दिसणारी टेकडी आता झाकली जाणार याचं दुःख खरं असलं, तरी ते पाण्याच्या टंचाईइतकं वजनदार नाही. तक्रारअर्जात मात्र दोन्ही एकाच परिच्छेदात येतात. धायरीत एक खोली भाड्याने घेऊन राहणारी घरकामवाली, हिंजवडीत नाइट शिफ्ट करणारा मुलगा, यांना शहरात घर हवं आहे आणि पुरवठा आवळला की किमती चढतात. गावातला जमीनमालक तर सरळ म्हणतो, तुमच्या वेळी जमीन विकली तेव्हा कोणी पर्यावरण काढलं नाही, आता माझ्या पोराच्या वाट्याला आलेली एकरभर विकायची तर तुम्हाला नदी आठवली. त्याला उत्तर देणं सोपं नाही.

माझ्या मते उत्तर विरोधात नाही, क्रमात आहे. आधी पाणी आणि मैलावाहिनी, मग परवानगी. नांदेड सिटीसारख्या, शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या सातशे एकरांच्या नगरवसाहतीला पायाभूत सोयींची जबाबदारी नियमानेच उचलावी लागते. म्हणजे क्रम पाळायला लावणं अशक्य नाही. छोट्या भूखंडांवर ती जबाबदारी एकेका विकासकावर टाकता येत नाही, तेव्हा ती सरकारची होते, आणि सरकार ती हमीपत्रावर पुढे ढकलतं.

ढकलायला सोपंही गेलं. ३० जून २०२१ रोजी २३ गावं महापालिकेत आली, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला त्यांत होती. ग्रामपंचायती गेल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. पूर आला, साथ आली, तेव्हा या गावांना ना सरपंच होता ना नगरसेवक. सरपंचाला शिव्या देता येतात, घरी जाऊन उठवता येतं. प्रशासकाच्या पोर्टलवर तक्रार क्रमांक मिळतो. पाठोपाठ पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडाही, २०२१ मध्ये प्रसिद्ध होऊन हजारो हरकती घेऊन, २०२५ मध्ये सरकारने गुंडाळला. म्हणजे ज्या एका कागदावर सगळा परिसर एकत्र बघण्याची शक्यता होती तोही गेला.

तरीही बेरीज करायची साधनं नाहीत असं म्हणता येत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. पाणी किती, मैलापाणी किती, प्रक्रिया किती, झाडं, हवा, वाहनं, सगळं त्यात असतं. तो अहवाल पर्यावरण विभाग करतो, बांधकाम परवानग्या दुसरा विभाग देतो. एका पेठेचं वा एका प्रभागाचं मैलापाणी प्रक्रियेच्या क्षमतेबाहेर गेलं आहे असं अहवालात दिसलं म्हणून तिथली पुढची परवानगी थांबली, असा दुवा कायद्यात नाही. तो घालायला नवी संस्था लागत नाही, नियमावलीत दोन ओळींची दुरुस्ती लागते.

दरम्यान काही सोसायट्यांच्या महासंघांनी आपापली बेरीज स्वतःच करायला घेतली आहे. गृहप्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदलेल्या प्रकल्पाच्या सदनिका, मजले, सर्व्हे नंबर असतात. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचे अर्ज, फॉर्म १ सकट उघडता येतात, आणि मंजुरीनंतरचे सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला देणं विकासकावर बंधनकारक आहे. एका बाजूला सर्व्हे नंबर, दुसऱ्या बाजूला सदनिका, पाणी, सांडपाणी, गाड्या. एक्सेलची शीट आणि दोन-तीन निवृत्त इंजिनिअर एवढ्यावर काम भागतं. पुण्यात निवृत्त इंजिनिअरांचा तुटवडा कधीच नव्हता. मंजुरीच्या जाहिरातीपासून हरित न्यायाधिकरणात अपील करायला तीस दिवस असतात, सबळ कारण दिलं तर आणखी साठ. त्या मुदतीत ती शीट वकिलाच्या हातात असेल तर ९.४ च्या पुढे लिहिलेल्या ‘नाही’वर बोलायला काही तरी असतं. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोर आहे. सिंहगड रस्त्यावरून तिथे पोहोचायला मात्र गर्दीच्या वेळी तासभर धरून चालावं.